घरी गाणी किती आवाजात ऐकावीत? कान, खोली आणि आठवड्याचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडमध्ये दुसऱ्या मजल्यावर टू-बीएचके. हॉल १२ बाय १५ फुटांचा, त्यात ६० वॅटचा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन बुकशेल्फ स्पीकर. रोज संध्याकाळी दोन तास ऐकणं होतं. मोबाइलवरचं आवाज मोजायचं अ‍ॅप कधी ७८ डेसिबल दाखवतं, कधी ८८. मुलगा कंपनीच्या बसने हिंजवडीला जाता-येता इअरबड लावतो आणि गणपतीच्या आधी ढोल-ताशा पथकाच्या सरावाला जातो. हल्ली कधीकधी गाणी ऐकून उठल्यावर कानात बारीक शिट्टी वाजत राहते. यात धोका किती, आणि आवाज नेमका कुठे ठेवायचा?

आधी सरळ उत्तर देतो. हॉलमध्ये बसायच्या जागी सरासरी ७० ते ७५ डीबीए (माणसाच्या कानाच्या संवेदनेनुसार मोजलेले डेसिबल) ठेवलंत तर रोज दोन तास ऐकूनही कानाला धोका नाही. ८८ ला आहे, आणि ती शिट्टी बहुधा त्याचंच लक्षण आहे. पण तुमच्या घरात सगळ्यात जास्त धोका हॉलमधल्या स्पीकरचा नाही. तो मुलाच्या कानाला आहे, बसमध्ये आणि ढोलाच्या शेजारी. दुसरं म्हणजे, व्हॉल्यूमचा नॉब वर जातो तो बहुतेक वेळा आवडीमुळे जात नाही. खोलीतला गोंगाट, बसायची जागा आणि थकलेला कान त्याला वर ढकलतात. ही कारणं काढलीत तर आवाज कमी करण्यासाठी मन मारावं लागणार नाही.

आकड्यांचा अर्थ नीट लक्षात घ्या, कारण डेसिबलमध्ये फसगत सोपी आहे. ३ डेसिबल वाढले की कानावर पडणारी ऊर्जा दुप्पट होते, पण कानाला तो फरक जेमतेम कळतो. आवाज 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, तोवर ऊर्जा दहापट झालेली असते. म्हणजे ७८ आणि ८८ मध्ये तुम्हाला जाणवणारा फरक दुपटीचा, कानाला बसणारा मार दहापट. 'थोडंसंच वाढवलंय' हे वाक्य म्हणून भरवशाचं नाही.

मार बसतो तो आतल्या कानातल्या शंखाच्या आकाराच्या नळीत, म्हणजे कॉक्लियात. एका कानात बाहेरच्या रांगांतल्या केसपेशी साधारण १२,००० आणि आतल्या रांगेतल्या सुमारे ३,५०० असतात. बाहेरच्या पेशी बारीक आवाज वाढवून देतात आणि जवळजवळचे स्वर वेगळे करून दाखवतात. मोठ्या आवाजाने आधी त्याच जातात, आणि माणसात त्या परत उगवत नाहीत. पहिला फटका बहुधा ३,००० ते ६,००० हर्ट्झच्या पट्ट्यात बसतो, त्यातही ४,००० च्या आसपास. कानाची नळी स्वतःच ३,००० च्या जवळपासचा आवाज वाढवून आत सोडते, हे त्यामागचं एक मोठं कारण. म्हणून सुरुवातीला ऐकू कमी आल्यासारखं वाटतच नाही. 'स', 'श', 'फ', 'थ' हे उच्चार पुसट होतात, लग्नाच्या हॉलमध्ये समोरच्याचं बोलणं कळत नाही, आणि टीव्हीवरचे संवाद 'हे हल्ली पुटपुटतात' असे वाटायला लागतात.

मोठ्या आवाजानंतर कान भरल्यासारखा होतो, शिट्टी वाजते आणि एक-दोन दिवसांत सगळं पूर्ववत वाटतं. पूर्वी असं मानायचे की पूर्ववत झालं म्हणजे नुकसान झालं नाही. २००९ मध्ये शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवर दाखवलं की तपासणीत ऐकणं पूर्ण सुधारलेलं दिसत असतानाही केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले बरेचसे जोड कायमचे तुटलेले होते. माणसात हे किती प्रमाणात होतं यावर संशोधकांत अजून वाद आहे. तरी 'सकाळपर्यंत शिट्टी थांबली, म्हणजे काही झालं नाही' असं धरून चालायला आता आधार उरलेला नाही.

आता मर्यादा. सगळीकडे ८५ हा आकडा फिरतो. तो कारखान्यातल्या कामगारांसाठीचा आहे. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने १९९८ मध्ये आठ तासांना ८५ डीबीए ही शिफारस केली, आणि तिच्याच अंदाजाने चाळीस वर्षं त्या पातळीत काम केलेल्यांपैकी सुमारे ८ टक्के लोकांचं ऐकणं त्यामुळे बिघडतं. हौसेने गाणी ऐकणाऱ्याने तेवढा धोका कशाला घ्यायचा? जागतिक आरोग्य संघटनेचा ऐकण्याच्या उपकरणांसाठीचा हिशेब जास्त योग्य आहे: मोठ्या माणसाला आठवड्याला ८० डीबीए, ४० तास. लहान मुलांसाठी ७५. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, ९२ ला अडीच, ९५ ला सव्वा तास, ९८ ला ३७ मिनिटं, १०१ ला जेमतेम १९. हे सगळं आठवड्याचं आहे, दिवसाचं नाही.

यावरून तुमच्या घराचा हिशेब मांडू. रोज दोन तास म्हणजे आठवड्याला १४. सरासरी ७४ डीबीए असेल तर मर्यादेच्या ९ टक्के खर्च होतात, ७८ ला २२ टक्के. ८८ ला मर्यादा सव्वासहा तासांची असते, म्हणजे १४ तासांत तुम्ही तिच्या दुपटीच्या पुढे जाता. मुलाचं बघा. बसमधला गोंगाट ७५ ते ८० असतो आणि साध्या इअरबडवर त्याच्या वर गाणं ऐकू यावं म्हणून बहुतेक जण आवाज ९० च्या आसपास नेतात. जाऊन-येऊन दोन तास, पाच दिवस, म्हणजे १० तास. ९० ला मर्यादा चार तास. अडीचपट झाली. ढोलाच्या शेजारी १०० सहज असतात. तिथे आठवड्याची मर्यादा २४ मिनिटं आहे, आणि सराव रोज दोन तास धरून पाच दिवस केला तर ती पंचवीसपट होते. घरात काळजी कुणाची आधी करायची हे यातून स्पष्ट व्हावं.

मोजायचं कसं ते सांगतो, कारण तुमच्या अ‍ॅपवरचे ७८ आणि ८८ हे कदाचित क्षणाक्षणाचे आकडे असतील. आयफोन असेल तर नायॉशचं फुकट मिळणारं साउंड लेव्हल मीटर अ‍ॅप घ्या. ते आयफोनच्या माइकसाठी पारखलेलं आहे आणि साधारण दोन डेसिबलच्या आत बरोबर येतं. अँड्रॉइडचे माइक फोनागणिक वेगळे असतात, तिथे पाच-सात डेसिबलची चूक सहज निघते. कुणाच्या तरी आयफोनशेजारी ठेवून एकदा फरक बघून घ्या आणि तेवढा वजा-अधिक करा. नाहीतर हातात धरायचा साधा मीटर घ्या. तापकीर गल्लीत मल्टिमीटर वगैरे विकणाऱ्या दुकानांत चौकशी करा, आणि घेताना त्यावर 'ए' आणि 'सी' दोन्ही वेटिंग आहेत ना ('ए' बास बराच कमी धरतं, 'सी' जवळजवळ पूर्ण), अचूकतेचा क्लास २ लिहिलाय ना, एवढं बघा.

फोन सोफ्यावर ठेवून मोजू नका. गादी आवाज खाते. तुम्ही नेहमी बसता तिथे, कानाच्या उंचीवर, फोनचा माइक मोकळा ठेवून धरा. हाताने माइकचं भोक झाकलं जातं, ते बघा. कव्हर जाड असेल तर काढा. सेटिंग 'ए' आणि 'स्लो'. अ‍ॅपमध्ये एलएईक्यू असा आकडा असतो, तीच खरी सरासरी. नेहमीची चार-पाच गाणी नेहमीच्या आवाजात पूर्ण वाजू द्या आणि शेवटी तो आकडा लिहून ठेवा. मधले उसळणारे आकडे बघून घाबरू नका. तबल्याच्या थापेला किंवा ड्रमला क्षणभर ९० दिसले आणि सरासरी ७३ आली तर ते ठीक आहे. शास्त्रीय संगीतात सरासरी आणि शिखर यांत १५-२० डेसिबलचं अंतर असतंच. नव्या सिनेगीतांत ते ८-१० वर आलेलं असतं, त्यामुळे तोच नॉब तिथेच ठेवून ख्यालानंतर आयटम साँग लावलंत तर सरासरी एकदम चढते. स्पॉटिफाय किंवा अ‍ॅपल म्युझिकमध्ये आवाज समान ठेवण्याची सोय असते, पहिल्यात नॉर्मलाइझ व्हॉल्यूम आणि दुसऱ्यात साउंड चेक या नावाने. ती चालू करा.

मग गाणी बंद करून, सगळं जसंच्या तसं ठेवून, नुसत्या खोलीचा आवाज मोजा. माझ्या मते या सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच आहे, आणि तो कुणी मोजत नाही. पंखा पाचवर, खिडकी उघडी, खाली रस्त्यावर रहदारी, आत फ्रिज. पुण्यात संध्याकाळी सात वाजता हे ५० ते ५५ डीबीए सहज होतं. गाण्यातला बारीक भाग, तानपुऱ्याचा झंकार, गायकाचा श्वास हे सरासरीच्या २०-२५ डेसिबल खाली असतात. खोलीच ५५ वर असेल तर ते ऐकायला सरासरी ८० वर न्यावीच लागते. खोली ४२ वर आणलीत तर तेच सगळं ६७ ला ऐकू येतं.

खोली खाली आणायला फार खर्च नाही. पंखा पाचवरून दोनवर आणला तर ६ ते १० डेसिबल मिळतात. अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी लावूनही आवाज आत येतो, कारण पटांमधल्या ब्रशच्या पट्ट्या पाच-सात वर्षांत झिजून सपाट होतात. कागदाची पट्टी दोन पटांच्या मध्ये धरून खिडकी लावा. ती सहज ओढून निघाली तर तिथून हवा आणि आवाज दोन्ही येतात. पट्ट्या मीटरवर मिळतात, सुतार किंवा खिडक्यावाला तासाभरात बदलून देतो. पडद्यांकडून मात्र बाहेरचा आवाज अडण्याची अपेक्षा ठेवू नका. जाड पडदा खोलीतला घुमारा कमी करतो, रस्त्याचा हॉर्न अडवत नाही.

घुमाऱ्याचं वेगळं बघावं लागतं. व्हिट्रिफाइड टाइल, गिलाव्याच्या उघड्या भिंती, काचेचं टेबल अशा हॉलमध्ये टाळी वाजवलीत की मागून झणझण ऐकू येते. अशा खोलीत शब्द पुसट होतात, मग माणूस शब्द कळावेत म्हणून आवाज वाढवतो, त्याने घुमाराही तेवढाच वाढतो आणि शब्द कळत नाहीत ते नाहीतच. स्पीकर आणि सोफा यांच्या मधल्या जमिनीवर जाड गालिचा किंवा दुहेरी घातलेलं जाजम टाका, किमान ५ बाय ७ फुटांचं. बाजूच्या भिंतीला पुस्तकांचं भरलेलं कपाट उत्तम. अंड्यांचे ट्रे चिकटवू नका. त्यांनी फक्त वरच्या पट्टीतला थोडा आवाज शोषला जातो आणि आगीचा धोका वाढतो.

बसायच्या जागेने तर फुकटात फरक पडतो. स्पीकरपासून साडेतीन मीटरवर बसत असाल आणि सव्वादोन मीटरवर आलात, तर स्पीकरचा थेट आवाज ४ डेसिबलने वाढतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. म्हणजे नॉब खाली आणूनही गाणं जास्त स्वच्छ. स्पीकरमधला वरच्या पट्टीचा छोटा ड्रायव्हर, म्हणजे ट्वीटर, बसल्यावर तुमच्या कानाच्या रेषेत हवा. शोकेसच्या वरच्या फळीवर ठेवलेले स्पीकर डोक्यावरून बोलतात, आणि लोक ते भरून काढायला ट्रेबल आणि आवाज दोन्ही चढवतात. दुसरी गोष्ट बासची. तुमची खोली १५ फूट, म्हणजे साधारण ४.६ मीटर लांब आहे. बरोबर मध्यावर सोफा असेल तर ३७-३८ हर्ट्झच्या आसपासचा बास तिथे जवळजवळ नाहीसा होतो, कारण त्या लांबीच्या लाटेचा खड्डा नेमका खोलीच्या मध्यावर पडतो. सोफा दीड-दोन फूट पुढे किंवा मागे सरकवा आणि तेच गाणं परत ऐका. 'बास कमी आहे' म्हणून वाढवलेला आवाज अनेकदा एवढ्याने खाली येतो.

बासबद्दल आणखी एक. कमी आवाजात गाणं पातळ वाटतं हा भ्रम नाही. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी माणसाच्या कानाचं हे वागणं मोजून मांडलं. मधल्या पट्टीत २० डेसिबल आवाज कमी केला की खालचा बास कानाला आणखी ५ ते ७ डेसिबलने कमी वाटतो. म्हणून कमी आवाजात ऐकताना बास थोडा वाढवणं यात काही गैर नाही, उलट कानाच्या दृष्टीने ते शहाणपणाचं आहे. ७० च्या आसपास ऐकताना बासचा नॉब ४-५ डेसिबल पुढे करा. अ‍ॅम्पवर लाउडनेसचं बटण असेल तर ते कमी आवाजातच वापरा. आवाज मोठा करताना ते बंद करायला विसरलात तर बास गुरगुरायला लागतो, आणि स्लॅबमधून खालच्या घरात जातो. मीटरचं 'ए' सेटिंग ५० हर्ट्झचा आवाज ३० डेसिबलने कमी धरतं, त्यामुळे तुमच्या मीटरवर ७२ असताना शेजाऱ्यांच्या भिंतीला थरथर असू शकते. एकदा 'सी' वर करून बघा. दोन्हींत १५ डेसिबलहून जास्त फरक आला तर बास जास्त आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डीबीए आहे. खासगी साउंड सिस्टिमचा आवाज आपल्या हद्दीवर त्यापेक्षा ५ हून जास्त वर जाता कामा नये.

चांगल्या सिस्टिमचा एक धोका दुकानात कुणी सांगत नाही. आवाज मोठा झालाय हे आपल्याला बऱ्याच अंशी त्यातल्या फाटण्यावरून, कर्कशपणावरून कळतं. स्वस्त स्पीकर ८५ ला ओरडायला लागतो आणि हात आपोआप नॉबकडे जातो. चांगला स्पीकर ९० लाही गोड वाजतो, म्हणून त्यावर माणूस नकळत ५-६ डेसिबल वर बसतो. नवीन सिस्टिम घेतल्यावर पहिला महिना मीटर जवळ ठेवा. वॅटचीही हाव धरू नका. स्पीकरची क्षमता एका वॅटला एका मीटरवर ८७ डेसिबल असेल, तर दोन स्पीकर मिळून तुमच्या सोफ्यावर एका वॅटमध्येच ८५ च्या आसपास भरतात. ७५ ला सरासरी दशांश वॅट लागतो. ६० वॅट हे शिखरांसाठी भरपूर आहेत. पूर्ण वापरले तर १०२-१०३ होतील.

एकदा ७२ ते ७५ ची जागा सापडली की नॉबवर बारीक चिकटपट्टी लावा. सोर्स बदलला की मात्र खूण बदलते. सीडी प्लेअर साधारण २ व्होल्ट देतो, फोन बऱ्याचदा त्याच्या निम्म्याने, म्हणजे त्याच खुणेवर ६ डेसिबलचा फरक. दोन खुणा करा. आणि ऐकायला बसल्यावर सुरुवातीला जिथे ठेवलंत तिथून पुढे वाढवू नका. तासाभराने आवाज कमी वाटतो तो कान थकल्यामुळे. तेव्हा वाढवणं म्हणजे थकलेल्या कानाला आणखी मार. दहा मिनिटं बंद करून चहा करा, परत बसल्यावर तीच खूण पुरेशी वाटेल.

सिनेमा बघत असाल तर एवढंच: होम थिएटरच्या रिसीव्हरवर शून्य ही खूण चित्रपटगृहाच्या पातळीची आहे, त्यात शिखरं १०५ पर्यंत आणि सबवूफर ११५ पर्यंत जातात. १२ बाय १५ च्या हॉलमध्ये ते कानावर आदळतं. उणे १५ ते उणे २० वर बघा, संवादाचा मधला स्पीकर २-३ डेसिबल वाढवा, आणि रात्री नाइट मोड चालू ठेवा म्हणजे संवाद ऐकायला वाढवलेला आवाज पुढच्या स्फोटात अंगावर येत नाही.

आता मुलाकडे. '६० टक्के व्हॉल्यूम, ६० मिनिटं' हा नियम प्रसिद्ध आहे, पण ६० टक्के म्हणजे किती डेसिबल हे फोन आणि इअरबडच्या जोडीवर ठरतं, त्यामुळे तो ढोबळच. फोन इअरबडला लावून मोजणंही खोटं, कारण कानाच्या नळीत बसल्यावर आवाज वेगळा होतो. आयफोनवर कंट्रोल सेंटरमधला कानाचा बिल्ला चालू गाण्याची पातळी डेसिबलमध्ये दाखवतो. सेटिंग्जमध्ये साउंड्स अँड हॅप्टिक्स, त्यात हेडफोन सेफ्टी, तिथे मोठा आवाज कापायची मर्यादा ७५ ते १०० मध्ये ठेवता येते. ८० वर ठेवून द्या. इतर फोनवर घरच्या घरी असं करा: हॉलमध्ये स्पीकरवर एक गाणं मोजून ७२ वर लावा. तेच गाणं फोनवर लावून इअरबड घाला, काढा, परत घाला, आणि दोन्ही सारखे वाटेपर्यंत फोनचा आवाज जुळवा. बहुतेक फोनवर १५-१६ टप्पे असतात. कितवा टप्पा आला तो लक्षात ठेवा. हेडफोनवर तोच आवाज थोडा लहान वाटतो, म्हणून माणूस इथे ५-६ डेसिबल जास्तच लावतो. सापडलेल्या टप्प्याच्या दोन खाली ही त्याची जागा.

तो टप्पा बसमध्ये पुरणार नाही, आणि मुलगा तो पाळणार नाही. उपाय परत तोच, गोंगाट कमी करणं. कानात घट्ट बसणाऱ्या रबरी किंवा फोमच्या टिपा, योग्य मापाच्या, आणि इंजिनाची घरघर मारणारं नॉइज कॅन्सलेशन. याने बसमध्येही ७५-७६ ला समाधान होतं, आणि अडीचपटीवरून खर्च मर्यादेच्या दहाव्या भागावर येतो. या घरात पैसे खर्च करायचे असतील तर नव्या अ‍ॅम्पच्या आधी इथे करा. हेल्मेटच्या आत इअरबड मात्र अजिबात नको. वाऱ्याचा आवाजच तिथे मोठा असतो, त्यावर गाणं चढवावं लागतं, आणि मागून येणारी पीएमपी बस ऐकू येत नाही.

पथकात जाणं सोड असं सांगू नका, तो ऐकणार नाही आणि गरजही नाही. कानात घालायचे प्लग लागतील. लक्ष्मी रस्त्यावरच्या विसर्जन मिरवणुकीत सीओईपीचे विद्यार्थी वर्षानुवर्षं आवाज मोजत आले आहेत, आणि तो अनेकदा १०० च्या पुढे गेला आहे. पण मिरवणूक एक दिवसाची, नदीपात्रातला सराव महिना-दीड महिना चालतो. खरं नुकसान सरावात होतं. कापसाचे बोळे जवळजवळ काहीच अडवत नाहीत. फोमच्या प्लगच्या पाकिटावर ३० किंवा ३३ डेसिबल लिहिलेलं असतं, ते प्रयोगशाळेतलं. प्रत्यक्षात निम्मं धरा. तोही नीट बसवला तर. बसवायची पद्धत अशी: हात धुवा, प्लग बोटांत लाटून सुरकुती न पडता दोरीसारखा बारीक करा. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन कान वर आणि थोडा मागे ओढा, त्याने नळी सरळ होते. पटकन आत सारा आणि बोटाने दाबून तीस सेकंद धरा, फोम फुगेपर्यंत. नीट बसला असेल तर समोरून बघताना प्लग बाहेर डोकावत नाही आणि स्वतःचा आवाज पोकळ, डोक्यात घुमल्यासारखा येतो. अर्धवट बसलेला प्लग ५ डेसिबलही देत नाही. १५ डेसिबल खरे मिळाले तर १०० चे ८५ होतात, आणि दहा तासांचा सराव पंचवीसपटीवरून मर्यादेच्या ८० टक्क्यांवर येतो. म्हणजे प्लग घालूनही तो आठवडा जवळजवळ भरलेला असतो, त्या दिवसांत इअरबड बंदच ठेवायला सांगा. ताशाची कडकड ऐकू येत नाही अशी तक्रार असेल तर वादकांसाठीचे, सगळ्या पट्ट्या सारख्या कमी करणारे प्लग मिळतात. ते आवाज कमी अडवतात, पण खिशात राहणाऱ्या फोमपेक्षा कानात राहणारे बरे.

तुमच्या शिट्टीबद्दल. ज्या दिवशी वाजते त्या दिवसाचा आकडा लिहून ठेवा, आणि दोन आठवडे ७५ च्या खाली ऐका. थांबली तर कारण कळलं. तरीही वाजत राहिली, एकाच कानात वाजते, किंवा चक्कर येते, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. एका कानाने अचानक, तास-दोन तासांत किंवा रात्रीतून ऐकू येणं कमी झालं तर ते मळ किंवा सर्दी समजून घरी थांबू नका. दुसऱ्याच दिवशी गाठा, कारण स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांत सर्वांत जास्त होतो. घरात कुणाला जेंटामायसिन, अमिकासिन ही अँटिबायोटिक किंवा कॅन्सरवरचं सिस्प्लॅटिन चालू असेल तर त्या काळात कान जास्त नाजूक असतात, आवाज आणखी खाली ठेवा.

घरातल्या सगळ्यांचीच एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या, आत्ताच, गणपतीच्या सरावाआधी. आदल्या संध्याकाळपासून किमान १४ तास मोठा आवाज नको, इअरबडही नको, नाहीतर थकलेल्या कानाचा आलेख निघेल. पुण्यात भारती विद्यापीठाच्या ऑडिओलॉजी विभागात किंवा ध्वनिरोधक खोली असलेल्या कुठल्याही चांगल्या केंद्रात होईल. कोपऱ्यातल्या चष्म्याच्या दुकानात मोफत शिबिरात केलेली तपासणी आधार म्हणून धरू नका. अनेक ठिकाणी २,००० हर्ट्झनंतर थेट ४,००० आणि ८,००० तपासतात. ३,००० आणि ६,००० सुद्धा घ्या असं आवर्जून सांगा, कारण आवाजाने झालेल्या नुकसानीचा खड्डा कधीकधी तिथेच दिसतो. आलेखात ४,००० ला खाली जाऊन ८,००० ला परत वर आलेली रेष आवाजाकडे बोट दाखवते. ८,००० लाच सगळ्यात खाली गेली असेल तर बहुधा वय. आलेखाची प्रत घरी ठेवा, पुढच्या वर्षी त्याच केंद्रात परत करा, आणि ३,००० ते ६,००० मध्ये कुठेही १५ डेसिबल घसरण दिसली तर दोन आठवड्यांनी पुन्हा तपासून खात्री करा.